कामाच्या खोलीत येणारा बाहेरचा आवाज: आधी फट, मग वजन, मग मऊपणा

पुण्यात कर्वे रस्त्यालगतच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, मी गेली सहा वर्षे भाषांतराचे काम करते आहे. दिवसातले तीन-चार तास ध्वनिमुद्रण ऐकून मजकूर उतरवण्यात जातात, त्यामुळे खिडकीबाहेरचा हॉर्न, कोपऱ्यावर गिअर बदलणारी बस आणि समोरच्या बांधकामावरचे काँक्रीट फोडण्याचे यंत्र यांचा माझ्या कामाला थेट उपद्रव होतो. नुकतेच घरून काम करू लागलेल्या आणि साध्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी हा लेख आहे. स्टुडिओ उभारणे हा त्याचा विषय नाही. रोजच्या कामाला पुरेल इतकी शांतता, शक्यतो कमी खर्चात आणि घराची मोडतोड न करता कशी मिळवावी, एवढेच येथे सांगायचे आहे.

आवाज अडवणे आणि आवाज शोषणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण ते न समजल्यामुळे अनेकांचे पहिले पैसे वाया जातात. भिंतीवर चिकटवायचे फोमचे टोकदार चौकोन, अंड्यांचे ट्रे, जाड पडदे या वस्तू खोलीत निर्माण झालेला आवाज भिंतींवर आपटून घुमण्यापासून थोडाफार रोखतात, पण रस्त्यावरून येणारा आवाज त्या अडवत नाहीत. मी स्वतः रस्त्याकडच्या भिंतीवर असे दोन डझन चौकोन लावले होते. माझा आवाज ध्वनिमुद्रणात स्वच्छ येऊ लागला, बसचा आवाज मात्र होता तसाच राहिला. वस्तू विकत घेण्यापूर्वी करायची एक सोपी परीक्षा आहे: ती तोंडाशी धरून फुंकर मारावी आणि हवा पलीकडे गेली, तर त्या वस्तूकडून आवाज अडवण्याची अपेक्षा ठेवू नये.

आवाज अडवायला दोन गोष्टी लागतात, फट नसणे आणि वजन असणे. डेसिबलचे माप साध्या पट्टीसारखे चढत नाही, ते गुणाकाराने चढते. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, आणि ३ डेसिबलचा फरक लक्ष देऊन ऐकले तरच जाणवतो. त्यामुळे एखाद्या उपायाने १० डेसिबल कमी झाले, तर तो उपाय यशस्वी झाला असे समजावे. पूर्ण नीरवता मनात धरून काम सुरू केले, तर प्रत्येक उपाय अपुरा वाटत राहतो.

पहिली पायरी: दोन दिवस नुसते ऐकणे

एक वही घ्यावी आणि कामाच्या वेळात ज्या ज्या आवाजाने लक्ष विचलित झाले, त्याची वेळ, दिशा आणि जात लिहून ठेवावी. जात म्हणजे तो आवाज हवेतून येतो की इमारतीच्या अंगातून. हॉर्न, भोंगा, बोलणे, कुत्र्यांचे भुंकणे हे हवेतून येतात. वरच्या मजल्यावर खुर्ची ओढणे, खलबत्त्यात कुटणे, शेजारच्या भिंतीत ड्रिल चालवणे हे आवाज स्लॅब आणि भिंतींमधून प्रवास करतात. खिडकी उघडल्यावर आवाज स्पष्टपणे वाढला तर तो हवेतला आणि फारसा फरक पडला नाही तर तो बहुधा इमारतीच्या अंगातला, असा ढोबळ निष्कर्ष काढता येतो. या लेखातले बहुतेक उपाय हवेतून येणाऱ्या आवाजावरचे आहेत. स्लॅबमधून येणाऱ्या आवाजावर खालच्या मजल्यावरून करण्यासारखे फार थोडे असते.

मोबाइलवरचे आवाज मोजण्याचे ॲपही वापरावे. आयफोनसाठी अमेरिकेतल्या एनआयओएसएच या, कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य पाहणाऱ्या संस्थेचे मोफत ॲप आहे आणि अँड्रॉइडवरही अनेक ॲप मिळतात. फोनच्या आकड्यावर अचूक माप म्हणून विसंबू नये. पण तोच फोन, टेबलावरची तीच जागा आणि दिवसाची तीच वेळ ठेवली, तर आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून पाहायला तो पुरेसा असतो.

दुसरी पायरी: खोली आणि टेबल

घरात निवडीला वाव असेल, तर रस्त्याकडे पाठ असलेली खोली घ्यावी, मग ती लहान असली तरी चालेल. इमारतच आवाजाला आडवी येते आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही. ते शक्य नसेल, तर निदान टेबल खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीशी न्यावे. उजेडासाठी खिडकीला खेटून टेबल ठेवण्याची आपल्याला सवय असते, पण रहदारीच्या रस्त्यावर ती महागात पडते.

तिसरी पायरी: फटी शोधणे आणि बुजवणे

सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. चार फूट बाय चार फूट मापाची खिडकी घेतली आणि तिच्या चारी बाजूंनी केवळ ३ मिलिमीटरची फट असली, तर त्या फटीचे एकूण क्षेत्रफळ खिडकीच्या क्षेत्रफळाच्या सुमारे १ टक्का भरते. ज्या पृष्ठभागात १ टक्का मोकळी जागा आहे, तो उरलेल्या भागात कितीही जाडजूड असला, तरी २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. म्हणजे जुन्या खिळखिळ्या खिडकीत महागडी काच बसवून फटी तशाच ठेवल्या, तर त्या काचेचे पैसे फटीतून बाहेर जातात.

फट शोधण्यासाठी उदबत्ती पुरते. वाऱ्याच्या दिवशी पंखा बंद करून, खिडकी लावून, पेटलेली उदबत्ती चौकटीच्या कडेने अगदी सावकाश फिरवावी. माझ्या सरकत्या खिडकीत मी हे केले, तेव्हा खालच्या ट्रॅकपाशी धूर किंचित हलला आणि चौकटीच्या बाजूंना सरळ वर गेला, पण दोन शटर, म्हणजे काचेची सरकती दारे, जिथे एकमेकांवर येतात त्या मधल्या उभ्या जोडापाशी तो ताठ आडवा होऊन खोलीत शिरला. त्या जोडाला स्लायडिंगवाले इंटरलॉक म्हणतात. तिथे आणि ट्रॅकमध्ये बारीक केसांची एक पट्टी बसवलेली असते, तिचे नाव वूलपाइल. काही वर्षांनी हे केस झिजून, धुळीने चिकटून सपाट होतात आणि पट्टीचा उपयोग संपतो. ही पट्टी मीटरवर विकत मिळते आणि शटर उतरवता येत असेल, तर जुनी ओढून काढून नवी सरकवायला अर्धा तास लागतो. घेताना रुंदीइतकीच केसांची उंचीही पाहावी, म्हणून जुन्या पट्टीचा तुकडा दुकानात सोबत न्यावा. उंची कमी पडली तर फट राहते आणि जास्त झाली तर शटर सरकत नाही.

शटर खाली बसल्यामुळे वर फट पडली असेल, तर रोलर झिजलेले असतात आणि तेही बदलता येतात. ॲल्युमिनियमची चौकट आणि भिंत यांच्यामधला सिमेंटने किंवा पुट्टीने भरलेला जुना सांधा सुटला असेल, तर तो खरवडून, कोरडा करून, सिलिकॉनने भरावा.

सिलिकॉनची गन हातात आली की दिसेल ते भोक बुजवण्याचा मोह होतो, आणि इथे एक इशारा देणे मला अत्यंत आवश्यक वाटते. सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने लहान लांबट छिद्रे असतात. ती पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी असतात आणि ती कधीही बुजवू नयेत. माझ्याकडे काम करायला आलेल्या कारागिराने ती मे महिन्यात व्यवस्थित बंद करून दिली आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ट्रॅक काठोकाठ भरून पाणी टेबलावरच्या कागदांवर आले. ती छिद्रे पुन्हा मोकळी करायला मला संपूर्ण दुपार लागली.

खिडकीनंतर एसीच्या पाइपचे भोक पाहावे. पाइपाभोवती बऱ्याचदा नुसता पांढऱ्या सिमेंटचा लेप असतो आणि आत पोकळी असते. ती पुट्टीने खोलवर भरावी. फवारल्यावर फुगून घट्ट होणारा पीयू फोम पोकळी पटकन भरतो, पण वजनाला हलका असल्यामुळे त्यावर सिमेंटचा किंवा पुट्टीचा जाड थर द्यावा. खिडकीतला एसी असेल, तर त्याच्या भोवतीचा प्लायचा तुकडा आणि चौकट यांच्यामधली जागा रबरी पट्टीने बंद करावी. जुन्या घरांतल्या दारावरच्या झडपाही विसरू नयेत.

रस्त्याचा आवाज दिवाणखान्यातून फिरून आत येत असेल, तर खोलीचे दार महत्त्वाचे ठरते. आतल्या दारांना उंबरा नसतो. अडीच फुटी दाराखाली १ सेंटिमीटरची फट म्हणजे दारात खेळायच्या पत्त्यापेक्षा मोठे भोक पाडल्यासारखेच झाले. दाराला खाली लावायचा ब्रश थोडा फरक पाडतो, पण रबराची दुहेरी नळीसारखी पट्टी जास्त चांगली. चौकटीच्या तीन बाजूंना चिकटणारी रबरी पट्टी लावावी आणि दार ओढल्यावर ती किंचित दाबली जाते की नाही, हे कागदाचा कपटा दारात अडकवून पाहावे. कपटा सहज निघून आला, तर त्या जागी पट्टी जाड हवी. दारावर बोटाने टकटक केल्यावर पोकळ आवाज आला, तर पट्टीने मिळणारा फायदा मर्यादितच राहील, कारण दाराला वजनच नसते.

ज्या खोलीत किंवा तिला लागून गॅस गीझर, शेगडी अशी गॅस जळणारी वस्तू आहे, तिथली हवेची वाट आवाजासाठी बंद करू नये. तो जिवाचा प्रश्न आहे.

चौथी पायरी: काच

फटी बुजवल्यानंतर पुन्हा आकडा मोजावा. मगच काचेचा विचार करावा, कारण पुष्कळ घरांत इथपर्यंतच काम भागते.

काच हा भिंतीतला सर्वांत कच्चा दुवा असतो आणि त्याचे कारण वजनात आहे. ४ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन चौरस मीटरला १० किलो भरते, तर ९ इंची विटांच्या भिंतीचे ४०० किलोहून अधिक. गिलावा केलेली अशी भिंत सुमारे ५० डेसिबल आवाज अडवते आणि साधी सरकती खिडकी साधारण २० ते २५. म्हणून भिंतीवर काहीही चढवण्यात अर्थ नसतो, जे करायचे ते खिडकीचेच. वजन दुप्पट केले की ५ ते ६ डेसिबलचा फायदा होतो, हा ढोबळ नियम लक्षात ठेवला तर फॅब्रिकेटरशी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्याशी, बोलणे सोपे जाते.

फॅब्रिकेटर पहिल्यांदा डीजीयू, म्हणजे मध्ये १२ मिलिमीटर हवा असलेली दुहेरी काच, सुचवतात. उष्णता रोखायला ती उत्तम आहे. रहदारीच्या आवाजासाठी मात्र दोन सारख्या पातळ काचा आणि मधली अरुंद हवा यांची ही जोडी साध्या काचेहून फारशी सरस ठरत नाही, कारण मधली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि बस-ट्रकच्या खर्जातल्या घरघरीलाच दोन्ही काचा एकत्र थरथरतात. त्यापेक्षा लॅमिनेटेड काच घ्यावी. तिच्यात दोन काचांमध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो आणि तो काचेचे कंप मारतो. प्रत्येक काच एका विशिष्ट स्वरपट्टीत, म्हणजे ठरावीक कंपनसंख्येच्या आसपास, आवाजाला जास्त वाट देते, ६ मिलिमीटरच्या काचेत ती पट्टी २००० हर्ट्झच्या आसपास येते, आणि तिथेच आपला कान तिखट असतो. पापुद्र्यामुळे हा दोष बराच सौम्य होतो.

काचेइतकीच चौकटीची पद्धत महत्त्वाची आहे. सरकत्या शटरला सरकायला मोकळीक लागते, म्हणून ते कधीच पूर्ण घट्ट बसत नाही. बिजागरीवर उघडणारी, कडी फिरवली की रबरावर दाबून बसणारी खिडकी, जिला बाजारात ओपनेबल म्हणतात, ती आवाजासाठी निःसंशय चांगली. बाहेर ग्रिल असेल तर शटर आत उघडणारे घ्यावे लागते, आणि मग टेबल, पडदा व शटर यांचा मेळ आधीच मापून पाहावा लागतो.

माझ्या मते आपल्याकडच्या घरांना सर्वांत मानवणारा उपाय म्हणजे आहे ती खिडकी तशीच ठेवून, आतल्या बाजूने दुसरी खिडकी बसवणे. ९ इंची भिंतीत बाहेरच्या कडेला खिडकी असली, तर आत चार-पाच इंचांची कड मोकळी उरते आणि तिच्यावर आपण एरवी कुंड्या ठेवतो. दोन काचांमध्ये १०० मिलिमीटर किंवा अधिक अंतर मिळाले, की खर्जातल्या आवाजालाही चांगला आळा बसतो. आतली काच बाहेरच्या काचेपेक्षा वेगळ्या जाडीची घ्यावी, म्हणजे दोन्ही एकाच पट्टीत कच्च्या राहत नाहीत. आतली खिडकी उघडता आलीच पाहिजे. धूळ पुसण्यासाठी ते लागते आणि आग लागली तर बाहेर पडण्याचा तोच मार्ग असू शकतो.

भाड्याच्या घरात घरमालक चौकटीला हात लावू देत नाहीत. अशा वेळी ६ मिलिमीटरची ॲक्रिलिकची शीट मापाने कापून घेऊन, चुंबकाच्या पट्टीने आतल्या चौकटीवर बसवता येते. ती काचेपेक्षा हलकी असते, चौरस मीटरला सुमारे ७ किलो, त्यामुळे फायदाही त्याच बेताचा होतो. पण घर सोडताना ती काढून सोबत नेता येते.

पाचवी पायरी: खोलीच्या आत

आता फोम, पडदे आणि गालिचे यांची वेळ येते. विट्रिफाइड टाइल, गुळगुळीत भिंती आणि जवळजवळ रिकामी खोली यांत आत शिरलेला आवाज बराच वेळ घुमत राहतो. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवावी. टाळीनंतर झणझणीत शेपूट ऐकू आले, तर खोलीला मऊपणा हवा आहे. त्यासाठी खास वस्तू आणायची गरज नसते. जमिनीवर सतरंजी, एका भिंतीशी गादी किंवा पुस्तकांनी भरलेला उघडा कप्पा आणि समोरच्या भिंतीवर एक जुनी गोधडी टांगली, तरी टाळीचे शेपूट तुटते. गोधडी भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे टांगली, तर ती अधिक शोषते.

बंद खोलीतली हवा

फटी बुजवलेल्या खोलीत दोन तासांनी डोके जड होऊ लागते, कारण ताजी हवा येत नाही आणि स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो. दर तासाला, दोन बैठकांच्या मध्ये, खिडकी आणि दार दहा मिनिटे उघडावे. शांततेसाठी आपण हवा कोंडतो आहोत, याचे भान सतत ठेवणे आवश्यक आहे.

कान आणि माइक

समोरच्या माणसाला आपल्याकडचा आवाज ऐकू जाऊ नये, यासाठी माइक तोंडाजवळ आणणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. लॅपटॉपचा माइक तोंडापासून ५० सेंटिमीटरवर असतो. हेडसेटची दांडी ५ सेंटिमीटरवर आणली, तर रस्त्याच्या आवाजाच्या तुलनेत आपला आवाज सुमारे २० डेसिबलनी वर येतो. झूम, टीम्स आणि गूगल मीट यांच्यात पार्श्वभूमीचा आवाज दाबण्याची सोय आहे, पण आधी माइक जवळ आणावा आणि मग ती सुरू करावी, नाहीतर आपलेच शब्द तुटक जाऊ लागतात.

आपल्या कानांसाठी आवाज मारणारे हेडफोन एसीच्या, इंजिनाच्या सततच्या घरघरीवर चांगले चालतात. अचानक वाजणाऱ्या हॉर्नवर किंवा माणसांच्या बोलण्यावर त्यांचा प्रभाव कमी असतो. तिथे फोमचे साधे इअरप्लग सरस ठरतात, मात्र ते नीट घालता आले पाहिजेत. प्लग बोटांत वळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वरच्या कडेला धरून वर आणि मागे ओढावा, प्लग आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. अर्धवट बसवलेला प्लग जवळजवळ निरुपयोगी असतो. बाहेरचा आवाज दाबण्यासाठी गाण्याचा आवाज वाढवत नेणे मात्र कटाक्षाने टाळावे. त्यापेक्षा टेबलफॅनची एकसुरी सरसर अधूनमधून येणारे आवाज झाकायला पुरेशी होते आणि कानांनाही अपाय करत नाही.

शेजार आणि नियम

वरच्या मजल्यावरच्या आवाजावर मला सापडलेला एकमेव खरा उपाय जिन्याने वर जाण्याचा होता. वरच्या काकूंच्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या सकाळी माझ्या डोक्यावरून ओढल्या जात. मी फेल्टच्या चिकट चकत्यांची दोन पाकिटे घेऊन गेले आणि "काकू, तुमच्या खुर्च्यांना या लावून देऊ का, फरशीवर चरेही पडणार नाहीत," असे विचारले. त्यांनी मला चहा दिला आणि सहाही खुर्च्या उलट्या करून आम्ही दोघींनी मिळून चकत्या लावल्या. खालून छताला काहीही लावून हा आवाज गेला नसता, कारण तो जिथे उत्पन्न होतो तिथेच थांबवावा लागतो. घरांतल्या दुरुस्तीच्या ड्रिलिंगबाबतही सोसायटीच्या सेक्रेटरींकडून कामाचे तास आधी विचारून घेतले, तर महत्त्वाच्या बैठका त्यांच्याबाहेर ठेवता येतात.

जे आवाज विनंतीने थांबत नाहीत, त्यांच्यासाठी केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० आहेत. त्यांनुसार निवासी भागात बाहेरच्या आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दिवस सकाळी ६ ते रात्री १० असा धरला जातो. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात या मर्यादा ५० आणि ४० आहेत. निवासी भागात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालवता येत नाहीत आणि आणीबाणीखेरीज हॉर्नही वाजवता येत नाही. मर्यादेपेक्षा आवाज १० डेसिबल किंवा अधिक वाढला, अथवा रात्रीच्या बंधनांचा भंग झाला, तर नागरिकाला तक्रार करता येते आणि पोलिसांना ११२ क्रमांकावर कळवता येते. तक्रारीत तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, नेमके ठिकाण आणि यंत्राचा प्रकार लिहावा, फोनवरचा आकडा अंदाज म्हणून नोंदवावा, आणि पहिल्या पायरीत सुरू केलेल्या वहीतल्या त्या दिवसांच्या पानांची छायाप्रत सोबत जोडावी.